अडीच कोटींचा गडी

७ ऑक्टोबर २०२३. चीनमधल्या हांगचौ शहरात आशियाई स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना चालू होता. भारत आणि इराण, दोघांचे २८-२८ गुण. मिनिटभराचा खेळ उरलेला. भारताची चढाई ‘करो या मरो’ची आणि चढाईला कर्णधार पवन सेहरावत. पवन कुणाला न शिवता बाजूच्या लॉबीत गेला, त्याला धरायला इराणचे गडीही लॉबीत उतरले, आणि गुण कुणाला, किती, कोणत्या नियमाने यावर असं काही रण पेटलं की सामना तासभर खोळंबला. पंचांचा निर्णय फिरला, पुन्हा फिरला, खेळाडू मैदानातच बसून राहिले. शेवटी भारताने ३३-२९ असं सुवर्णपदक घेतलं.

दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू झाला. हांगचौला एकमेकांसमोर उभे ठाकलेले दोघे आता एकाच यादीत होते. इराणचा डावा कोपरा सांभाळणारा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना पुणेरी पलटणकडे गेला. तोवर एवढी बोली लीगमध्ये कुणावरच लागली नव्हती. विक्रम फार टिकला नाही. तेलुगू टायटन्सने पवनवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले. एका संघाला सगळ्या खेळाडूंसाठी मिळून खर्च करायला परवानगी होती ५ कोटींची. म्हणजे टायटन्सने निम्म्याहून जास्त थैली एका गड्यावर रिकामी केली, आणि पलटणने जवळपास निम्मी.

हंगाम संपला तेव्हा टायटन्स बारा संघांत बारावे होते. २२ सामन्यांत २ विजय. पवन काही वाईट खेळला नव्हता. चढाईत त्याचे दोनशेवर गुण होते. पलटण मात्र साखळीत पहिली आली आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत, टायटन्सच्याच शहरात, हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा विजेती झाली.

दोन्ही संघांनी सारखाच जुगार खेळला, मग निकाल इतका उलटा का लागला? बाकी सगळं मला या एकाच प्रश्नाभोवती मांडायचं आहे. आणि तेही मुंबईतल्या लिलावाच्या दालनात बसून नाही, तळेगाव ढमढेऱ्यातून.

शिक्रापूरला पुणे-नगर रस्ता सोडला की थोड्याच अंतरावर वेळ नदीकाठचं हे गाव लागतं. ढमढेरे सरदारांचं नाव गावाने अजून धरून ठेवलंय, नाहीतर मावळातल्या तळेगाव दाभाड्याच्या चिठ्ठ्या इथे येतील. एका अंगाला सणसवाडी, दुसऱ्या अंगाला रांजणगावची एमआयडीसी, मधे ऊस. शिरूर तालुका खाली भीमेपर्यंत जातो आणि नदी ओलांडली की दौंड. दौंड म्हणजे रेल्वेचं जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाचे तळ. ही भौगोलिक माहिती उगाच देत नाही. या पट्ट्यात कबड्डी खेळणाऱ्या पोराच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खेळाकडे कशासाठी पाहिलं, ते यात आहे. रेल्वे, पोलीस, नाहीतर एखादी कंपनी किंवा बँक: खेळातून नोकरी. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी राज्यात ५ टक्के जागा राखीव असतात, आणि मैदानावरच्या पोराच्या आईला कबड्डीतलं बाकी काही माहीत नसलं तरी ‘पाच टक्के’ माहीत असतात.

२०१४ ला प्रो कबड्डी आली आणि या हिशेबात दुसरा आकडा शिरला. पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेला तो राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना, पाटणा पायरेट्सकडे. तेव्हा तेवढाच आकडा डोळे फिरवणारा होता. चार वर्षांनी, २०१८ च्या लिलावात, एकदम सहा जण कोटीला पोचले. मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना हरयाणाने घेतला. राकेश कुमारपासून पवनच्या २ कोटी ६० लाखांपर्यंत नऊ वर्षांत किंमत वीसपट झाली. उसाच्या भावाशी याची तुलना शेतकऱ्याने स्वतःच करावी, मी करत नाही.

इथे थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, कारण ‘एका गड्यावर सगळं’ हा रोग तिकडे जुना आहे आणि त्याच्यावर अभ्यासही तिकडेच झालाय.

ते ज्याला फुटबॉल म्हणतात त्यात पाय फारसा चालत नाही. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावायचं, फेकायचा, समोरच्याने आडवं पाडायचं. अकरा जणांच्या संघात एक क्वार्टरबॅक असतो. जवळपास प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि पुढच्या दोन-तीन सेकंदांत, अंगावर दीडशे किलोचे गडी धावून येत असताना, त्याला ठरवावं लागतं: फेकायचा का, कुणाकडे, की स्वतःच पळायचं. आपला मुख्य चढाईपटू तीस सेकंदांत हेच करतो, फक्त त्याच्या मदतीला मध्यरेषेपलीकडे कुणी नसतं. म्हणून कबड्डीत पैसा चढाईवाल्यावर आणि तिकडे क्वार्टरबॅकवर.

त्यांच्या एनएफएल लीगमध्ये ३२ संघ. कॉलेजातून येणाऱ्या पोरांचा लिलाव होत नाही, ‘ड्राफ्ट’ होतो. मागच्या हंगामात जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली निवड, मग त्याच्या वरच्याला, अशा सात फेऱ्या. नव्या पोराचा पगार तो कितवा निवडला गेला यावर साधारण ठरून जातो. निवडीचा क्रमांक संघ आपसांत विकू-बदलू शकतात, आणि खरा जुगार तिथे चालतो. २०२१ ला पहिल्या तीन निवडी तीन क्वार्टरबॅकच्या होत्या. त्यातला तिसरा, ट्रे लान्स, मिळावा म्हणून सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर उडी मारली आणि त्यासाठी पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी मायामीला देऊन टाकल्या. २०२२ च्या दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला. त्याच्या जागी आलेला अनुभवी खेळाडूही डिसेंबरात जायबंदी झाला. मग नाइलाजाने उतरवला तो ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमधला २६२ वा, म्हणजे शेवटून पहिला. शेवटच्या निवडीला तिकडे ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणून चिडवायची रीत आहे. ज्याच्या असण्या-नसण्याने काही बिघडत नाही असा माणूस. या माणसाने फेब्रुवारी २०२४ मध्ये संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला. कॅन्सस सिटीकडून ते जादा वेळेत २५-२२ असे हरले. लान्सला तोवर डॅलसला देऊन टाकलं होतं, चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात.

या गोष्टीचा लोकप्रिय अर्थ असा लावतात की नशिबाचा भरवसा नाही, गरीब पोरगं जिंकतं. मला तो अर्थ अपुरा वाटतो. पर्डीचा त्या हंगामाचा पगार नऊ लाख डॉलरच्या आत होता. त्याच काळात सिनसिनाटीच्या जो बरो या क्वार्टरबॅकने वर्षाला सरासरी साडेपाच कोटी डॉलरचा करार केला. पगारावर लीगची कमाल मर्यादा असल्याने पर्डी स्वस्त पडला तेवढे पैसे फोर्टीनाइनर्सकडे इतरांसाठी उरले, आणि त्या पैशातून त्यांनी त्याच्याभोवती देशातले उत्तम गडी उभे केले. स्वस्त पोरगं जिंकलं हे अर्धंच झालं. त्याच्या स्वस्ताईवर महाग संघ पोसला गेला, हे उरलेलं अर्धं.

जाता जाता एक आठवण. हा अमेरिकी खेळ पुण्यात येऊन गेलाय. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया २०११ ला जाहीर झाली तेव्हा कर्ट वॉर्नर आणि रॉन जॉवर्स्की हे दोन नामांकित माजी क्वार्टरबॅक तिच्या पाठीराख्यांत होते. आपल्या संघाचं नाव पुणे मराठाज. बालेवाडीच्या मैदानात हेल्मेट आणि खांद्याची पॅडं चढवलेली आपली पोरं त्या अंडाकृती चेंडूमागे धावली. लीग रुजली नाही. २०१४ ला मातीतला खेळ मॅटवर आणि टीव्हीवर आला आणि घराघरांत पोचला. परका खेळ आणून रुजवणं किती अवघड आणि रुजलेल्या खेळाला नुसता दिवा दाखवणं किती सोपं, हे पुणेकरांनी थोड्याच वर्षांत पाहिलं.

आता पलटणकडे. तिची कहाणी तळेगावच्या पोराने नीट वाचावी, कारण ती आधी भरपूर चुकलेल्या संघाची आहे.

२०१८ च्या त्या कोटींच्या लिलावात पलटणनेही नितीन तोमरवर १ कोटी १५ लाख लावले होते. बाद फेरी हुकली. पुढच्या हंगामाला अनुप कुमारला प्रशिक्षक आणलं, तरी खालून तिसरेच. नंतर मात्र त्यांनी हळूहळू दिशा बदलली. अहमदनगरचा (आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला) अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, हरयाणाचा मोहित गोयत, पंकज मोहिते, संकेत सावंत, तमिळनाडूचा अबिनेश नादराजन, गौरव खत्री: नावं कुणाला माहीत नव्हती तेव्हाच ही पोरं धरून ठेवायची, एक-दोन हंगाम हरू द्यायची, आणि सोडायची नाहीत. लीगच्या नियमात नवोदित खेळाडू ठरावीक, कमी रकमेत राखून ठेवता येतो. त्या तरतुदीचा पुरेपूर फायदा पलटणने घेतला.

नवव्या हंगामात १ कोटी ३८ लाखांना इराणचा फझल अत्राचली घेतला आणि कर्णधार केला. उपांत्य सामन्यात पंकज मोहितेने सोळा गुण काढून तमिळ थलैवाजला ३९-३७ असं हरवलं, पण १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूरकडून अंतिम सामना ३३-२९ असा गेला. इथे बहुतेक व्यवस्थापनं काय करतात? ‘चार गुणांनी हुकलं, एक मोठा चढाईवाला आणू.’ पलटणने अंतिम फेरीपर्यंत आणलेल्या कर्णधारालाच सोडलं. फझल पुढच्या लिलावात १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला. कर्णधारपद अस्लमला दिलं, बी. सी. रमेश यांना प्रशिक्षक ठेवलं, आणि चढाईची सगळी फळी घरची, स्वस्तातली. मग हातात जे पैसे उरले ते शादलुईवर ओतले.

पैसे कुठे ओतले तेही बघा. चढाई तीन-चार पोरांत वाटलेली होती. एक दुखावला तर दुसरा तयार. मोठा खर्च केला तो पकडीसाठी. शादलुईने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण घेतले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. अस्लम हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २२ सामन्यांत फक्त दोन पराभव. अंतिम सामन्यात पंकजने एका चढाईत चार गुण आणले आणि डाव फिरला. या संघात क्वार्टरबॅक कोण, हे हरयाणाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. ज्याला धरून ठेवावा असा एकच गडी नव्हताच.

टायटन्सकडे होता. समोरच्या सातही जणांना माहीत होतं की कुणाला थोपवायचं.

याचा अर्थ मोठा चढाईवाला घेऊच नये असा नाही. तसा निष्कर्ष काढणाऱ्याला पवनचाच दाखला देता येईल. ५ जानेवारी २०१९, मुंबई, सहाव्या हंगामाचा अंतिम सामना. बंगळुरू बुल्सने गुजरातला ३८-३३ हरवलं, त्यातले २२ गुण एकट्या पवनचे. एक माणूस अंतिम सामना जिंकून देऊ शकतो. फरक इतकाच की त्या वर्षी तो कोटीवाल्या सहा जणांत नव्हता. जिंकून दिल्यावर त्याची किंमत वाढत गेली, आणि ती २ कोटी २६ लाखांवर पोचली तेव्हा तमिळ थलैवाजने त्याला घेतलं. २०२२ च्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. गंमत पुढे आहे. नरेंद्र कंडोला नावाच्या कोवळ्या पोराने चढाईची जबाबदारी उचलली आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले.

आमच्या भागात बैलगाड्याचा बैल घेताना मागच्या घाटात तो किती सेकंदांत आला हे विचारतात आणि त्यावर लाखांचा सौदा होतो. पण जुना गाडामालक बैलाची जोडी कोण होती तेही विचारतो. लिलावात जोडी विचारायची राहून जाते.

आपल्या सिद्धार्थ देसाईचं उदाहरण याहून जवळचं. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा गडी. सहाव्या हंगामात यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतला आणि त्याने चढाईचे दोनशेवर गुण काढून लीग हलवली. पुढच्याच वर्षी टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. टायटन्स अकरावे आले. पुन्हा १ कोटी ३० लाखांना ठेवला, दुखापत झाली, संघ शेवटचा. मग भाव २० लाखांवर आला. दहाव्या हंगामात हरयाणाने कोटीला उचलला आणि तो संघ थेट अंतिम फेरीत गेला. सहा वर्षांत माणूस तोच, चढाई तीच, हाताची लांब फेक तीच. किंमत मात्र जत्रेतल्या पाळण्यासारखी वर-खाली.

शादलुईही पाहा. दहाव्या हंगामात पलटणसोबत विजेता. पलटणने त्याला सोडलं, हरयाणाने २ कोटी ७ लाखांना घेतलं, आणि २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत, पुण्याच्याच अंगणात, हरयाणाने पाटण्याला ३२-२३ हरवून अकरावा हंगाम जिंकला. पलटणला त्या वर्षी बाद फेरीही मिळाली नाही. बाराव्या हंगामासाठी गुजरातने त्याच्यावर २ कोटी २३ लाख लावले आणि बंगालने देवांक दलालवर २ कोटी २० लाख ५० हजार. दोन्ही संघ पहिल्या आठांतही नव्हते. त्या हंगामात साखळीत पहिली आली ती पुन्हा पलटण, नवा प्रशिक्षक अजय ठाकूरसोबत. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत दबंग दिल्लीकडून अंतिम सामना ३१-२८ असा हुकला. बाराव्या हंगामाच्या त्याच लिलावात परदीप नरवाल, चढाईगुणांचा लीगमधला बादशहा, पाटण्याला लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवून देणारा आणि २०२१ ला १ कोटी ६५ लाखांना गेलेला, त्याच्यावर कुणी हात वर केला नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली.

मला यातून एवढंच दिसतं: भरलेल्या घरात महागडा पाहुणा शोभतो. घर रिकामं असेल तर तो पाहुणाही उपाशी राहतो.

आता तळेगावात परत येऊ. लिलाव मुंबईत होतो, पण पोराची पहिली निवड इथे होते, आणि ती करणाऱ्यांकडे ना आकडेवारी असते ना व्हिडिओ.

शाळेच्या मैदानात पीटीचे सर आधी अंगकाठी बघतात. किशोर गटाला सोळा वर्षांच्या आत आणि ५५ किलोपर्यंत, कुमार गटाला वीसच्या आत आणि ७० किलोपर्यंत. काट्यावर उभं राहायच्या आदल्या रात्री जेवण सोडणारी, सकाळी ऊन लागेपर्यंत धावून घाम काढणारी पोरं कुठल्याही जिल्हा चाचणीला दिसतात. कोवळ्या वयात उपाशी ठेवून वजन बसवायचं आणि नंतर पुरुष गटात ८५ किलोच्या हरयाणवी गड्यासमोर उभं करायचं, हा प्रकार आपण बंद केला पाहिजे. जिल्हा संघात बारा जण. त्यातून राज्य स्पर्धा, तिथून राज्याचा संघ, राष्ट्रीय. प्रत्येक पायरीवर कुणीतरी पोराकडे बघून मान हलवतो किंवा हलवत नाही. यालाच आपला ड्राफ्ट म्हणायचं, फक्त इथे शेवटच्या संघाला पहिली निवड मिळत नाही. उलट, ज्या मंडळाचा माणूस निवड समितीत त्याची दोन पोरं आधी, ही तक्रार मी ज्या ज्या तालुक्यात गेलो तिथे ऐकली. खरी किती, रागातली किती, ते वाचकांना माझ्याइतकंच कळतं.

आणि गावाचा स्वतःचा लिलाव तो यात्रेत. ग्रामदैवताच्या यात्रेत निमंत्रित संघांच्या स्पर्धा ठेवतात. फ्लेक्स, हॅलोजन, रोख बक्षीस आणि फुटाफुटाने वाढत गेलेला चषक. गावाचा संघ जिंकला पाहिजे म्हणून मंडळ बाहेरून दोन गडी आणतं, रात्रीचे पैसे देऊन. एक चढाईला, एक कोपऱ्याला. वर्षभर पहाटे माती उकरून, पाणी मारून मैदान राखणारं गावातलं पोरगं त्या रात्री खुर्चीत बसतं, टी-शर्ट घालून, राखीव म्हणून. चषक गावात राहतो. पुढच्या वर्षी ते पोरगं रांजणगावला दुसऱ्या पाळीत असतं. टायटन्सला हसणाऱ्या गावाने हा आरसाही पाहावा.

मातीचं प्रेम महाराष्ट्रात फार. प्रेम राहू द्या, पण मोठी स्पर्धा आता मॅटवरच होते. १३ बाय १० मीटरची ती रबरी चटई, त्यावर बूट. मातीत अनवाणी सूर मारणाऱ्या पोराचा पाय मॅटवर अडकतो, घोटा फिरतो. मातीत पट काढायला खाली बसणारा कोपरारक्षक मॅटवर उशिरा पोचतो, कारण समोरचा बुटावर वळतो. महाराष्ट्राच्या पुरुषांनी ५ जानेवारी २०१८ ला हैदराबादेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली सेनादलाला ३४-२९ हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं ते अकरा वर्षांनी. ज्या राज्यात या खेळाचे नियम बांधले गेले, ज्या राज्यात शंकरराव ऊर्फ बुवा साळवींच्या जन्मदिनी, १५ जुलैला, कबड्डी दिन साजरा होतो, त्या राज्याला अकरा वर्षं थांबावं लागतं. ताकद कमी पडली असं मला वाटत नाही. मॅट कमी पडल्या, आणि सोळा ते वीस या वयातल्या पोराला दोन वेळचं दूध-अंडं देणारं कुणी कमी पडलं.

हे देणारं कोण? आजवर देत आलं ते मंडळ. कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून स्पर्धेला नेणारं, बूट वर्गणीतून घेणारं, मोडलेल्या बोटाला गावातल्या डॉक्टरकडे उधारीवर नेणारं. पलटणकडे शादलुईला घ्यायला जे पैसे उरले ते घरची पोरं स्वस्त पडली म्हणून, हे वर लिहिलं. ती स्वस्त का पडली? कारण त्यांना वयाच्या दहाव्यापासून विसाव्यापर्यंत घडवण्याचा खर्च कुणीतरी आधीच करून ठेवला होता आणि त्याचं बिल कधी पाठवलं नव्हतं. अडीच कोटींच्या प्रत्येक बोलीत अशा कित्येक न पाठवलेल्या बिलांचा पैसा आहे.

जगातल्या फुटबॉलने, म्हणजे पायाने खेळतात त्या फुटबॉलने, या बिलाची सोय केली आहे. फिफाच्या २००१ पासूनच्या नियमाप्रमाणे खेळाडू करार चालू असताना एका क्लबातून दुसऱ्यात विकला गेला की त्या रकमेतले ५ टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवलं, त्यांच्यात वाटले जातात. ब्राझीलमधल्या एखाद्या धुळकट गल्लीतल्या क्लबाला युरोपातल्या सौद्याचा चेक येतो. अमेरिकेच्या एनएफएलमध्ये असं काही नाही, तिथे घडवण्याचा भार कॉलेजं उचलतात. प्रो कबड्डीतही असा वाटा ठेवलेला नाही.

कुणी म्हणेल, कबड्डीतली बोली म्हणजे खेळाडूचा पगार, त्यातून कापून मंडळाला द्यायचं म्हणजे पोराच्या ताटातलं काढायचं. बरोबर आहे, कापू नये. हा हिस्सा बोलीच्या वर, संघमालकाने किंवा लीगने द्यावा. पवनच्या त्या बोलीवर ५ टक्के म्हणजे १३ लाख २ हजार ५०० रुपये. टीव्हीचे हक्क, जर्सीवरच्या जाहिराती, तिकिटं यांत ही रक्कम शोधून सापडणार नाही. गावातल्या एका मंडळाला तेवढ्यात मॅट येते आणि किशोर गटाचा वर्षाचा खुराकही निघतो.

पोरगं कुठल्या मंडळाचं होतं हे कसं ठरवायचं, हा प्रश्न उरत नाही. किशोर आणि कुमार गटाच्या जिल्हा चाचणीला प्रत्येक पोराची नोंद मंडळाच्या नावाने होते. ते कागद जिल्हा संघटनांच्या कपाटात आहेत. शिरूर, दौंड, खेड, चंदगड, सगळीकडचे आहेत. राज्य संघटनेने ते बाहेर काढावेत आणि पुढच्या लिलावाआधी लीगसमोर ठेवावेत. आणि या वर्षीच्या यात्रेत गावाच्या मंडळाने बाहेरचा गडी आणायचे पैसे बाजूला काढून आपल्या सातांपैकी सगळ्यात लहान पोराला बूट घ्यावेत. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.